संगीत शिबिराला निघताना

शिध्याचं फार टेन्शन घेऊ नकोस. तीस माणसांना एका जेवणाला तीन किलो तांदूळ पुरतो, पोळ्या असतील तर दोनात भागतं. चहा-साखर मात्र दीडपट धर; गाणारी मंडळी रात्री बारालाही आधण ठेवतात.

खरी काळजी रेकॉर्डिंगची. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ वाव फाइल (आवाज न दाबता साठवणारी) तासाला साधारण १ जीबी खाते. दोन मेमरी कार्डं ठेव, रोज रात्री लॅपटॉपवर उतरव. रेकॉर्डर सेलवरच चालव. चार्जर लावला की कधीकधी विजेची घरघर तानपुऱ्यात मिसळते. कार्डिऑइड माइक (समोरचा आवाज घेणारा, पाठीमागचा टाळणारा) गवयापासून हातभर, माइकची पाठ तबल्याकडे. पंखा बंद करायला लाव. कुरकुर होईल, होऊ दे. पावसाळ्यात कोकणात जाणार असशील तर छप्पर पत्र्याचं आहे का, हे आधी फोनवर विचार.