मोबाइलच्या शर्यतीत मोडेम आडवा आला

प्रश्न : संगणकांवर वर्षानुवर्षं राज्य करणारी इंटेल मोबाइलमध्ये का दिसत नाही? तिचा प्रोसेसर कमी पडला का? या धंद्यात दोन-चारच नावं का उरली, आणि नवीन कुणी येईल का?

उत्तर : प्रोसेसर कमी पडला असं मला वाटत नाही. इंटेलची मेडफील्ड चिप असलेले फोन २०१२ मध्ये आले, मोटोरोलाचा रेझर आय त्यातलाच, आणि वेगात ते अगदी बरे होते. घोडं अडलं ते मोडेमपाशी, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागापाशी. जाहिरातीत त्याचं नाव क्वचितच येतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मी स्वतः मोडेमच्या चाचण्या केल्या आहेत. बाहेरचा सिग्नल शिरू नये म्हणून फोन धातूच्या बंद पेटीत ठेवतात आणि त्याला दोन नकली टॉवर जोडतात. एकाचा सिग्नल एकेक डेसिबलने उतरवायचा, दुसऱ्याचा चढवायचा आणि ४जीवरून ३जीवर जाताना चालू कॉल तुटतो का ते बघायचं. तुटला, की लॉग, म्हणजे फोन आणि टॉवर यांच्यातल्या संदेशांची नोंद, उघडून एकेक संदेश वाचत बसायचं. हे प्रत्येक बँडवर, म्हणजे लहरींच्या प्रत्येक पट्ट्यावर, आणि मग खऱ्या नेटवर्कवर पुन्हा, कारण प्रत्येक ऑपरेटरची यंत्रणा थोडी निराळी वागते. एक दोष काढावा तर कालपर्यंत नीट चाललेलं काहीतरी बिघडतं. नुसता पैसा ओतून हे जमत नाही.

क्वालकॉम या चिप कंपनीकडे हा अनुभव होता, पेटंटंही होती, आणि स्नॅपड्रॅगन या चिपमालिकेत तिने प्रोसेसर व मोडेम एकाच चिपवर दिले. फोन बनवणाऱ्याची जागा, बॅटरी आणि पैसा वाचत असेल, तर तो दोन दारं कशाला झिजवेल? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१२ मध्ये स्मार्टफोनमधून अंग काढून घेतलं, ब्रॉडकॉमने २०१४ मध्ये मोडेम सोडला. एनव्हिडियाने २०११ मध्ये आयसेरा ही मोडेम कंपनी घेतली. २०१५ मध्ये ते काम गुंडाळायला घेतलं. इंटेलने २०१९ मध्ये आपला स्मार्टफोन मोडेमचा व्यवसाय १ अब्ज डॉलरला अ‍ॅपलला विकायचं ठरवलं. आणि ज्या अ‍ॅपलने २०१० मध्येच स्वतःची ए४ चिप आणली, तिचा पहिला मोडेम, सी१, बाजारात यायला २०२५ उजाडलं!

मीडियाटेक या तैवानच्या चिप कंपनीने मोडेमही स्वतःचा ठेवला आणि चिपसोबत सॉफ्टवेअर व फोनचा आराखडाही तयार दिला, त्यामुळे छोट्या कंपन्यांनाही फोन काढता आले. हुआवेची गोष्ट वेगळी. प्रोसेसर आणि मोडेम दोन्हींत ती तरबेज होती. २०२० च्या अमेरिकी निर्बंधांमुळे टीएसएमसी या तैवानच्या चिप कारखानदार कंपनीकडून चिप बनवून घेणं थांबलं आणि ती मागे पडली. ती हार अभियंत्यांची नव्हती.

नवीन म्हणाल तर शाओमीने २०२५ मध्ये एक्सरिंग ओ१ हा स्वतःचा प्रोसेसर आणला आहे. मोडेम मात्र मीडियाटेकचा.