वाचकांचे प्रश्न: एकाच ओढ्यातलं शेवाळ

प्रश्न: डर्बीशायरमधल्या एकाच ओढ्यात उगवणाऱ्या दुर्मीळ मॉसबद्दल वाचलं. आम्ही डर्बीतच राहतो. ते पाहायला कुठे जावं? आणि थोडं काढून दुसऱ्या ओढ्यात लावलं तर वाचणार नाही का? (एक वाचक, डर्बी, इंग्लंड)

उत्तर: हे ‘डर्बीशायर फेदर-मॉस’, शास्त्रीय नाव थॅम्नोब्रियम अँगस्टिफोलियम. जगात दुसरीकडे कुठेच नाही. मुख्य वसाहत साधारण ३ चौरस मीटरची, म्हणजे एका डबलबेडएवढी. आसपास थोडे सुटे झुबके. जागा मुद्दाम गुप्त ठेवली आहे, तेव्हा कृपा करून शोधू नका. तिथल्या ओल्या दगडावरून एकाचा पाय घसरला तरी मोठा तुकडा निघून येईल. १९८१च्या वन्यजीव कायद्याखाली ते जाणूनबुजून तोडणं, उपटणं हा गुन्हाही आहे.

आता लावण्याबद्दल. मॉसला मुळं नसतात. बारीक धाग्यांनी ते दगडाला धरून असतं. ही पकड एकदा सुटली की नव्या दगडावर ती बसण्याआधीच पहिला लोंढा झुबका घेऊन जातो. पाणी ते पानांतूनच घेतं, आणि पान बहुतेक ठिकाणी पेशीच्या एकाच थराचं. त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट आत. चुनखडीच्या झऱ्याचं गार, वाहतं पाणी आणि वर झाडांची सावली, हे सगळं एकत्र जुळावं लागतं. वरच्या शेतातली माती वाहून आली की पानांच्या फटी बुजतात आणि उजेड मिळत नाही. खत उतरलं की हिरवी बुळबुळीत साय चढते. झऱ्याचं पाणी आटलं तर दगड उघडे पडतात. म्हणून झुबका हलवण्यापेक्षा त्या ओढ्याचं पाणी राखणं हाच खरा उपाय.

तुम्हाला पाहता येईल ते त्याचं भावंड, थॅम्नोब्रियम अ‍ॅलोपेक्युरम. सावलीतल्या चुनखडीच्या दगडांवर, ओढ्याकाठी ते बरंच आढळतं. खाली उघडा देठ आणि वर फांद्यांचा शेंडा, अगदी बोटभर उंचीचं झाड! १० पट भिंग न्या, पान सुकं असेल तर दोन थेंब पाणी सोडा. याचं पान रुंद, अंडाकृती. दुर्मीळ भावंडाचं अरुंद, लांबट, मधली शीर ठसठशीत. पायवाटेवरूनच पाहा. एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाताना बुटांचा चिखल घासून काढा, बूट पूर्ण वाळू द्या.

प्रश्न: दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुलं ओढ्यावरचं शेवाळ खरवडून आणतात. चालेल का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर: नको. बोटाला बुळबुळीत लागतं ते शैवाल. मखमलीसारखं, बारीक देठ-पानं दिसतात ते मॉस. मुलं आणतात ते बहुधा हे दुसरं. किल्ल्यावर ऊन लागताच ते तपकिरी पडतं, आणि खरवडलेला दगड पुन्हा हिरवा व्हायला कित्येक वर्षं जातात. त्याऐवजी अळीव पेरा. चाळलेल्या मातीचा बोटभर थर ओला करून त्यावर बी विरळ भुरभुरा आणि ओलं गोणपाट टाका. कोंब दिसताच, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गोणपाट काढा. उशीर केला तर कोंब पिवळे, लुळे पडतात. पाणी नुसतं शिंपडा, धार सोडली की बी उतारावरून खाली गोळा होतं. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरलंत की किल्ला वेळेवर हिरवा होतो.