वाचक विचारतात: ताठरतेची गोळी कधी, किती आणि कुणी घेऊ नये

लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही या तक्रारीवर डॉक्टर सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध), टाडालाफिल अशा ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांच्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात 'नाव छापू नका' असं आहे. नावं आम्ही छापत नाहीच. पण नाव आमच्यापासून लपवलंत तरी गोळी मात्र स्वतःच्या डॉक्टरांपासून लपवू नका. या गोळ्यांचे गंभीर अपघात बहुतेक त्या लपवाछपवीतूनच होतात.

प्रश्न: वय ५४, बरीच वर्षं मधुमेह आहे. फिजिशियननी सिल्डेनाफिल ५० मिग्रॅ लिहून दिली. दोनदा घेतली, दोन्ही वेळा रात्री जेवण झाल्यावर, झोपायच्या बेतात. काहीच फरक नाही, एकदा नुसतं डोकं दुखलं. गोळी बनावट असेल का? १०० ची घेऊन बघू का?

उत्तर: डोकं दुखलं म्हणजे गोळीत औषध होतं असं धरायला हरकत नाही. चूक बहुधा वेळेची आहे. सिल्डेनाफिल रिकाम्या किंवा हलक्या पोटी घेतली तर अर्ध्या ते एका तासात काम सुरू करते. मटण, पुरणपोळीवर तूप, भजी असं तेलातुपाचं जेवण पोटात असेल तर रक्तातली तिची पातळी शिखरावर पोचायला सुमारे एक तास जास्त लागतो आणि ते शिखरही पाव हिश्शाहून अधिक खाली येतं. तुम्ही जेवून लगेच गोळी घेतलीत, अर्ध्या तासात प्रयत्न केलात आणि निराश होऊन झोपलात. गोळी त्यानंतर जागी झाली असणार.

म्हणून गोळी आधी घ्या, साध्या पाण्याबरोबर, जेवणाच्या दोन तासांनंतर किंवा संध्याकाळी भूक असतानाच. मग निदान एक तास जाऊ द्या. परिणामाची खिडकी साधारण चार तासांची असते, त्यामुळे घड्याळाकडे बघत बसण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलीच नसते. गोळी आपोआप ताठरता आणत नाही. स्पर्श, जवळीक, इच्छा यांनी लिंगातल्या नसांमधून (मज्जातंतूंमधून) नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यातून सीजीएमपी नावाचा रेणू तयार होतो आणि तो रक्तवाहिन्या सैल करून रक्त आत येऊ देतो. पीडीई-५ हे विकर (एन्झाइम) तो रेणू मोडत असतं. गोळी एवढंच करते की त्या विकराला अडवते. मुळात रेणूच तयार झाला नाही, तर वाचवायला काही उरत नाही. गोळी घेऊन टीव्हीसमोर वाट बघत बसलेल्या माणसाला म्हणूनच काही जाणवत नाही.

मधुमेहात नेमक्या त्या नसा आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, त्यामुळे इतरांपेक्षा गोळीचा गुण कमी येतो. वेळ आणि पोट सांभाळून वेगवेगळ्या दिवशी सहा ते आठ वेळा प्रयत्न झाल्याशिवाय 'लागू पडत नाही' असा निकाल देऊ नये. ५० वर गुण आला नाही तर डॉक्टर १०० करू शकतात, पण ते त्यांना ठरवू द्या. चोवीस तासांत एकच गोळी, हा नियम मात्र कुठल्याही ताकदीला लागू आहे. पहिल्या गोळीने काही झालं नाही म्हणून तासाभराने दुसरी घेणं ही सर्रास होणारी चूक आहे.

जेवणाचं गणित जमतच नसेल तर टाडालाफिलबद्दल विचारा. तिला जेवणाचा फरक पडत नाही. दोन तास आधी घेतली की परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. लागेल तेव्हा घ्यायची मात्रा बहुधा १० मिग्रॅपासून सुरू होते, रोज घ्यायची अडीच किंवा ५ मिग्रॅ. ३६ तास परिणाम म्हणजे ३६ तास ताठरता नव्हे, त्या काळात उत्तेजना आली तर साथ मिळते इतकंच.

दारू एखाद्या पेगवर थांबत नसेल तर गोळीला दोष देऊ नका. दारू ताठरता घालवते आणि गोळीबरोबर बीपीही उतरवते.

आणि एक तपासणी राहिली असेल तर ती करा. लिंगातल्या धमन्या एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. आतून जाड होऊ लागल्या की अरुंद नळी आधी तक्रार करते. मधुमेह असताना ताठरता कमी झाली, तर गोळी लागू पडो न पडो, बीपी, कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची शुगर आणि हृदयाची तपासणी एकदा झालीच पाहिजे.

प्रश्न: मिस्टरांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. खिशात सॉर्बिट्रेट असते, छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायला. परवा त्यांच्या पाकिटात मित्राने दिलेली व्हायग्रासारखी गोळी दिसली. ते म्हणतात, सॉर्बिट्रेट मी रोज कुठे घेतो? यात खरंच धोका आहे का?

उत्तर: आहे, आणि या विषयातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट आहे. वर सांगितलेला सीजीएमपी ते जास्त तयार करवतं, ताठरतेची गोळी तो मोडू देत नाही. दोन्ही एकत्र आल्या की साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, बीपी कोसळतं आणि स्टेंट घातलेल्या हृदयालाच रक्त कमी पडतं. जीव जाऊ शकतो. यात 'थोडी घेतली तर चालेल' अशी मात्रा नाही.

'रोज घेत नाही' हे उत्तर म्हणूनच फसवं आहे. खिशातली गोळी ज्या क्षणी लागण्याची शक्यता जास्त, तो क्षण म्हणजे संबंधांच्या वेळी छातीत कळ येणं. त्या वेळी ताठरतेची गोळी अंगात असते आणि घाबरलेला माणूस सवयीने सॉर्बिट्रेट तोंडात टाकतो.

त्यांच्या औषधांच्या चिठ्ठीवर ही नावं शोधा: आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, नायट्रोग्लिसरीन किंवा ग्लिसरिल ट्रायनायट्रेट (गोळी, स्प्रे किंवा छातीवर लावायची पट्टी), आणि निकोरँडिल. शेवटच्या नावात 'नायट्रेट' शब्द नाही म्हणून ते हमखास नजरेतून सुटतं, आणि आपल्याकडे हृदयरोग्यांना ते बरंच दिलं जातं. यातलं एक जरी चालू असेल, नेहमी किंवा लागेल तेव्हा, तरी सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल, अव्हानाफिल, उडेनाफिल यांपैकी काहीही नको. फुफ्फुसांच्या रक्तदाबासाठीचं रिओसिग्वॅट चालू असेल तरीही नको.

गोळी घेतली गेलीच आणि छातीत दुखलं, तर तिथेच थांबा, बसा किंवा आडवे व्हा. सॉर्बिट्रेट घेऊ नका. १०८ ला फोन करा आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच सांगा: कोणती गोळी, किती मिग्रॅ, किती वाजता. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट टाळायचं असतं. छातीदुखीवर इतर औषधं आहेत, पण माहिती नसेल तर डॉक्टर नेहमीच्या सवयीने नायट्रेट देऊ शकतात. मिस्टर लाजून गप्प बसले तर तुम्ही सांगा. तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आता दुसरी बाजू. अँजिओप्लास्टी झाली म्हणून संबंध कायमचे बंद, असं अजिबात नाही. या गोळ्या स्वतः हार्ट अ‍ॅटॅक आणतात असंही दिसलेलं नाही. कार्डिओलॉजिस्टना दोन प्रश्न सरळ विचारा. नायट्रेटची आता खरोखर गरज आहे का? स्टेंटनंतर छातीत दुखत नसेल तर ते बऱ्याचदा बंद करता येतं, पण हे त्यांनी ठरवायचं, घरी नाही. आणि हृदयाला एवढे श्रम झेपतील का? दीड किलोमीटर वीस मिनिटांत सपाट रस्त्यावर चालून लगेच दोन जिने न थांबता चढता आले, धाप किंवा छातीत दुखणं नाही, तर बहुधा झेपतात. शंका असेल तर स्ट्रेस टेस्ट. गेल्या सहा महिन्यांत हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात किंवा हृदयाच्या ठोक्यांचा धोकादायक गोंधळ झालेला असेल, किंवा बीपी ९०/५० च्या खाली अथवा १७०/११० च्या वर असेल, तर कार्डिओलॉजिस्टच्या परवानगीशिवाय गोळीचं नावही काढू नये.

मित्राची ती गोळी फेकून द्या.

प्रश्न: वय ६६. प्रोस्टेटसाठी यूरोलॉजिस्टनी टॅमसुलोसिन आणि टाडालाफिल ५ मिग्रॅ रोज दिली आहे. अधूनमधून सिल्डेनाफिल घेतली तर?

उत्तर: घेऊ नका. तुमची रोजची टाडालाफिल हीच ताठरतेची गोळी आहे. कमी मात्रेत ती लघवीच्या त्रासावरही चालते, म्हणून रुग्णाला वाटतं की आपण 'ते' औषध घेतच नाही. तिची निम्मी मात्रा शरीरातून जायला १७ तासांहून जास्त लागतात, म्हणजे रोज घेणाऱ्याच्या रक्तात ती सतत असते. वर सिल्डेनाफिल म्हणजे एकाच जातीची दोन औषधं.

त्यात टॅमसुलोसिन बीपी थोडं उतरवतं. त्याच गटातली प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन जास्तच उतरवतात. या जोडीचा त्रास उभं राहताना होतो. रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग उठा. परिणाम कमी वाटत असेल तर मात्रा बदलून घ्या. ६५ च्या पुढे, किंवा मूत्रपिंड वा यकृत बरंच कमजोर असेल तर सिल्डेनाफिलची सुरुवातही २५ मिग्रॅनेच करतात.

प्रश्न: वय २७, नुकतंच लग्न झालं. पहिल्या रात्री जमलं नाही. मित्राच्या सांगण्यावरून केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय १०० ची गोळी आणली. आता ती घेतल्याशिवाय हिंमत होत नाही. सवय लागली का?

उत्तर: या औषधाचं शरीराला व्यसन लागत नाही. लागली आहे ती भीतीची सवय. पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? असेल तर नसा आणि रक्तपुरवठा ठीक आहे आणि अडचण दडपणाची आहे. दडपणात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ते लिंगातल्या रक्तवाहिन्या आवळतं. त्यावर १०० मिग्रॅ ही सुरुवातीची मात्रा नव्हेच. डॉक्टर गरज पडली तर कमी मात्रा थोडे आठवडे देऊन बंद करतात, सोबत पती-पत्नीचं समुपदेशन असतं. बायकोला गोळीची कल्पना नसेल तर दडपण दुप्पट होतं, हेही ध्यानात घ्या.

पहाटेचीही ताठरता गेली असेल तर तपासणी हवी: बीपी, उपाशीपोटी शुगर, कोलेस्टेरॉल, आणि सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन. दुपारच्या रक्तात ते कमीच दिसतं, मग विनाकारण इंजेक्शनं सुरू होतात. केस गळतीची फिनास्टेराइड, नैराश्यावरच्या गोळ्या, जिममधली स्टेरॉइड, तंबाखू-गुटखा यांतलं काही चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा. त्यातच कारण सापडू शकतं.

तुमच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. बाजारात सिल्डेनाफिलबरोबर डॅपॉक्सेटिन असलेल्या गोळ्याही मिळतात. डॅपॉक्सेटिन शीघ्रपतनावरचं औषध आहे. त्याने चक्कर येऊन माणूस पडू शकतो आणि नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ते धोकादायक ठरतं. नुसती सिल्डेनाफिल शीघ्रपतन थांबवत नाही, इच्छा वाढवत नाही, लिंगाचा आकारही नाही. या गोळ्या शेड्यूल एच मधल्या आहेत, चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. केमिस्टने काउंटरखालून दिली म्हणून ती निर्धोक होत नाही.

प्रश्न: 'शंभर टक्के आयुर्वेदिक, अर्ध्या तासात परिणाम' अशी कॅप्सूल घ्यावी का? साइड इफेक्ट नसतील ना?

उत्तर: अर्ध्या तासात परिणाम, इथेच शंका यायला हवी. अशा 'वनस्पतीजन्य' कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा त्यांची जरा बदललेली भावंडं मिसळलेली अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना वारंवार सापडली आहेत. किती मिसळलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. सॉर्बिट्रेट घेणारा माणूस 'ही तर जडीबुटी' म्हणून ती घेतो आणि वरच्या पत्रातला धोका नकळत ओढवून घेतो. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने आपल्याकडे मुळातच बंद आहे. जो जाहिरातीतच कायदा मोडतो, तो कॅप्सूलमध्ये काय पाळेल?

प्रश्न: गोळीनंतर सगळं निळसर दिसतं. मित्राची पाठ धरते. हे चालतं का?

उत्तर: निळसर झाक सिल्डेनाफिलची आहे, काही तासांत जाते, तोवर गाडी चालवू नका. टाडालाफिलने पाठ आणि मांड्या दुखतात, बहुधा १२ ते २४ तासांनी, आणि दोनेक दिवसांत थांबतात. चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी हे नेहमीचं. खूप होत असेल तर मात्रा कमी करून घ्या.

तीन गोष्टी मात्र सकाळवर ढकलायच्या नाहीत. एका डोळ्याने अचानक दिसेनासं होणं, अचानक ऐकू न येणं, आणि चार तासांपेक्षा जास्त टिकलेली ताठरता. शेवटचीला लोक आधी हसतात, मग दुखायला लागलं की लाजेने घरीच थांबतात. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपत जातो, पेशी मरू लागतात आणि पुढे ताठरता कायमची जाऊ शकते. रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: टीबीची औषधं चालू आहेत. सोबत घेता येईल?

उत्तर: डॉक्टरांना विचारून. टीबीवरचं रिफॅम्पिसिन यकृताचा औषधं मोडण्याचा वेग वाढवतं आणि गोळी रक्तात टिकू देत नाही, म्हणून गुण येत नाही. उलट क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, किटोकोनॅझोल आणि एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाव्हिर तिला शरीराबाहेर जाऊ देत नाहीत. रिटोनाव्हिरबरोबर सिल्डेनाफिल ४८ तासांत २५ मिग्रॅच्या वर जाता कामा नये. टीबीच्या कोर्समध्ये गुण येत नाही म्हणून मात्रा स्वतः वाढवू नका. रिफॅम्पिसिन थांबल्यावर दोनेक आठवड्यांत यकृत पूर्ववत होतं आणि तीच वाढवलेली मात्रा जास्त होऊन बसते.