धर्मशिक्षणाला वाहून घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूचे आयुष्य प्रत्यक्षात कसे असते?

आपल्या भाच्याला फादर व्हायचे आहे, त्यातही लोकांना धर्म शिकवण्यातच आयुष्य घालवायचे आहे, आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, सोडली तर असा धर्मगुरू आठवडाभर करतो तरी काय, असे आपण विचारले आहे. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातील एका गावात मी पंधरा वर्षे रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. त्यांपैकी सहा वर्षे आमच्या धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) असेच एक फादर होते. जे लिहितो ते त्यांना जवळून पाहिल्यामुळे लिहितो.

शाळा संपल्यानंतर पुरोहितदीक्षा मिळेपर्यंत साधारण नऊ-दहा वर्षे जातात. तत्त्वज्ञान, ईशज्ञान (धर्मश्रद्धेचा शास्त्रशुद्ध अभ्यास) आणि मध्येच एखाद्या धर्मग्रामातील उमेदवारी असा तो क्रम असतो. आमचे फादर पुण्याच्या पेपल सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकले. ही सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यास आली. तेथील अध्यापन इंग्रजीत चालते आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते, कारण दहा वर्षे इंग्रजीत समजून घेतलेले सारे ईशज्ञान आमच्याकडच्या मुलांना सांगायचे असते, आणि ही मुले आजीशी कोकणी, गल्लीत मराठी आणि सरकारी कचेरीत गेली की मोडकीतोडकी कन्नड बोलतात. कोकणी घरांतील वडीलधारी माणसे धर्मशिक्षणाच्या वर्गाला अजून 'दोतोर्न' म्हणतात. मुले त्यालाच 'संडे क्लास' म्हणतात.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर मुलांनी प्रथमच घेण्याची, तयारी चालू असताना घडलेला एक प्रसंग सांगतो. सातव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे मुलाला बरेवाईट कळू लागले की, त्याला हा संस्कार द्यावा, असे पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ठरवून दिले. आमच्याकडे मुले तिसरी-चौथीत असताना तो देतात. वर्गातील एका मुलाने विचारले, "फादर, गणपतीचा प्रसाद मला मिळतो, मग आपला प्रसाद माझ्या मित्राला का मिळत नाही?" मी त्याला गप्प बसवणार होतो, कारण पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. फादरांनी मात्र त्या दिवशीचा नियोजित धडा बाजूला ठेवला आणि पाऊण तास केवळ 'प्रसाद' या एका शब्दावर घालवला. आरतीनंतर सर्वांच्या हातावर ठेवला जाणारा प्रसाद हे देवाला दाखवलेल्या नैवेद्याचे वाटप असते, तर ख्रिस्तप्रसादात भाकर आणि द्राक्षारस हे ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात अशी आपली श्रद्धा आहे, आणि म्हणून तो घेणे म्हणजे त्या साऱ्या श्रद्धेला जाहीरपणे 'आमेन' म्हणणे होय. तुझा मित्र ते म्हणत नाही, आणि त्याच्याकडून ते फसवून वदवून घेणे बरे नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे सणाच्या मिस्सेला तो मित्र खरोखरच रांगेत आला, तेव्हा फादरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला आशीर्वाद दिला.

ही शब्दांची झटापट नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी बायबलमधील कथा मराठी ओव्यांत रचल्या. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले आणि त्यात स्वर्गासाठी सरळ 'वैकुंठ' हा शब्द येतो. आमचे फादर हे उदाहरण वारंवार देत, आणि शेजाऱ्याचा शब्द घेतला तर त्याचा शेजाऱ्याच्या घरातला अर्थ आपल्याला आधी ठाऊक हवा, असा आग्रहही धरत.

दिनक्रमाबद्दल थोडक्यात सांगतो. पहाटे प्रार्थना, सकाळी मिस्सा, मग बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदवह्या आणि दाखले, दुपारनंतर आजाऱ्यांच्या भेटी, संध्याकाळी लग्न ठरलेल्या जोडप्यांचे वर्ग किंवा बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या प्रौढांची शिकवणी. शनिवारी आम्हा धर्मशिक्षकांची बैठक असे आणि ती त्यांना रविवारच्या वर्गाइतकीच महत्त्वाची वाटे. भातलावणीच्या दिवसांत वर्ग ओस पडत. तेव्हा ते चिडत नसत, संध्याकाळी घरोघर जात. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असल्याने तोच उतारा चौथ्या वर्षी पुन्हा समोर येतो. जुन्या प्रवचनाची वही उघडण्याचा मोह त्यांनी टाळला, असे मी खात्रीने सांगू शकतो, कारण पहिल्या खेपेची प्रवचने दुसऱ्या खेपेहून आखूड होती.

आमचे मतभेदही होते. मी जुन्या पद्धतीने प्रश्नोत्तरे घोकून घेत असे आणि त्यांना ते आवडत नसे. माझे मत अजूनही असे आहे की पाठांतर अगदीच टाकून दिले तर मुलांजवळ प्रार्थनेलाही शब्द उरत नाहीत. मात्र ज्या मुलाला मी गप्प बसवणार होतो त्याची आठवण झाली की मी वाद फार ताणत नाही.

भाच्याला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. रात्रीचे जेवण बहुधा एकट्याने करावे लागते, आणि सणाच्या दिवशी पन्नास घरांची आमंत्रणे असली तरी तो एकटेपणा पुरता जात नाही. दुसरे म्हणजे बदली. धर्मप्रांताचा पुरोहित महागुरुस्वामींच्या (बिशपांच्या) आज्ञेत राहण्याचे वचन देतो, त्यामुळे १९५३ मध्ये स्थापन झालेल्या या बेळगाव धर्मप्रांतात मराठी गावातून थेट कन्नड मुलखात जाण्याची पाळी कोणावरही येऊ शकते.

आमच्या फादरांवर ती पन्नाशीनंतर आली. मी भेटायला गेलो तेव्हा रविवारचे प्रवचन टेबलावर होते, कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' हे वेगळे उच्चार आहेत आणि आपल्या मराठी जिभेला तो भेद सापडत नाही, म्हणून प्रत्येक ऱ्हस्व 'ए'खाली त्यांनी लाल रेघ ओढली होती. पहिल्या पानावर अशा एकोणतीस रेघा होत्या. शनिवारच्या बैठकीत धर्मशिक्षकांना ते आधी वाचून दाखवायचे, त्यांनी चुका काढल्या की मगच रविवारी उभे राहायचे, असे त्यांनी ठरवले होते.