विस्टेरिया : वेल जगते, कळ्या मरतात

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मिनिआपोलिसला राहतो. सहा वर्षांपूर्वी चिनी विस्टेरिया लावली. दर उन्हाळ्यात पानांनी गच्च भरते, पण आजवर एक घोस आलेला नाही. खत वाढवू का?

उत्तर : खत वाढवू नका, घालत असाल तर बंद करा. विस्टेरिया शेंगावर्गातली आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र तिला घरबसल्या मिळतो. त्यात लॉनला टाकलेलं नत्रयुक्त खत मुळांपर्यंत पोचलं की नुसते लांबलचक फोक सुटतात. लॉनचं खत वेलीपासून दोन-तीन मीटर लांबच ठेवा.

तुमच्याकडे खरा घात बहुधा थंडी करते. चिनी विस्टेरिया पुढच्या वसंतातल्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरते. त्या कळ्यांना अख्खा हिवाळा उघड्यावर काढावा लागतो. पारा उणे २५-३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला की फुलाची कळी आतल्या आत मरते. लाकूड आणि पानांच्या कळ्या जास्त काटक असतात, त्यामुळे मे महिन्यात वेल हिरवी होते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

खात्री करून घ्या. एप्रिलच्या शेवटी जुन्या फांदीवरचे आखूड फुटवे बघा. फुगीर, गोलसर कळी फुलाची. बारीक, चपटी, फांदीला चिकटलेली कळी पानाची. एक फुगीर कळी ब्लेडने उभी चिरा. आत हिरवी आणि ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी आणि कोरडी असेल तर मेलेली. फुगीर कळ्या मुळातच नसतील तर मात्र दोष उन्हाचा किंवा छाटणीचा. तिला रोज किमान ६ तास थेट ऊन हवं.

कळ्या मेलेल्याच निघाल्या तर आमचा सल्ला स्पष्ट आहे : तिच्या जागी केंटकी विस्टेरियाची ‘ब्लू मून’ ही जात लावा. ती चालू वर्षीच्या नव्या फुटीवर फुलते, म्हणून हिवाळ्यात गमावण्यासारखं तिच्याकडे फारसं काही नसतं. पानं आल्यावर, जूनच्या सुमारास बहर येतो. घोस १५ ते ३० सें.मी.चे, म्हणजे जपानी विस्टेरियाएवढे लांब नाहीत, पण दर वर्षी येतात. ‘अमेथिस्ट फॉल्स’ ही विस्टेरियाची दुसरी जातही अमेरिकी आहे, पण ती इतकी काटक नाही.

मांडव आधी उभारा, वेल मागून लावा. वेल खोडासारखी जाड होते, हलकी जाळी मोडून टाकते. ६ × ६ इंची खांब घ्या आणि पाया ४२ इंचांखाली न्या. तुमच्या भागात जमीन तिथवर गोठते असं धरूनच बांधकाम होतं. पाया त्याहून उथळ राहिला तर गोठणारी माती खांब वर ढकलते. पहिले काही हिवाळे बुंध्याभोवती पाव इंची छिद्रांची तारेची जाळी गुंडाळा. ती बर्फाच्या थराच्याही वर ६० सें.मी. हवी, कारण ससे बर्फावर उभे राहून साल कुरतडतात.

प्रश्न : कॅनडात, ओटावाला कलमी जपानी विस्टेरिया दोन वर्षं छान फुलली. मग एका कडक हिवाळ्यानंतर बुंध्यातून जोमाने फुटली, पण तेव्हापासून फूल नाही. छाटणी चुकते का?

उत्तर : छाटणीकडे नंतर वळू. आधी बुंध्याची माती बाजूला करून कलमाचा सांधा शोधा, तिथे खोड जरा फुगलेलं दिसतं. नवे फुटवे सांध्याच्या खालून आले असतील, तर तुमची जात थंडीने मेली आहे आणि आता वाढतोय तो खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते खालचं रोप. खुंट सहसा बियांपासून केलेला असतो, आणि बियांच्या विस्टेरियाला फुलायला १०-१५ वर्षंही लागतात. त्याची वाट बघू नका, वेल बदला. बदलताना छाटकलमाची, म्हणजे फांदीचा तुकडा रुजवून केलेली, स्वतःच्या मुळांवरची वेल मागा. ती जमिनीपर्यंत मेली तरी खालून तीच जात फुटते.

फुटवे सांध्याच्या वरचे असतील तर छाटणीने फरक पडेल. जुलै-ऑगस्टमध्ये लांब फोक ५-६ पानांवर कापा. मार्चमध्ये तेच फोक आणखी मागे, २-३ डोळ्यांवर (फांदीवरच्या कळ्यांवर) आणा. फुगीर कळ्या त्या आखूड फुटव्यांवरच बसतात. शरद ऋतूत ‘साफसफाई’ म्हणून सरसकट छाटलंत तर पुढच्या वर्षाची फुलंच कचऱ्यात जातात.

प्रश्न : शेंगा घेवड्यासारख्या दिसतात. भाजी करता येते का?

उत्तर : अजिबात नाही. शेंगा आणि बिया विषारी आहेत. थोड्या बिया पोटात गेल्या तरी उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात. घरात लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर बहर ओसरताच सुकलेले घोस देठासकट कापा. पिकलेली शेंग तडकून बिया दूरवर उडवते, मग त्या गवतातून वेचणं कठीण.