ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्यसेवा पोहोचवण्यासाठी व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन घातलेल्या भांडवलाचा, उपयोग होतो का? अशा फंडात पैसे गुंतवावेत का?

उपयोग होतो, पण परताव्यासाठी दहा-बारा वर्षे थांबण्याची तयारी असलेल्या पैशाचाच. माझी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात लहानशी पॅथॉलॉजी लॅब आहे आणि काही वर्षांपूर्वी व्हेंचर कॅपिटलवर चालणाऱ्या एका स्टार्टअपचे टेलिमेडिसिन केंद्र माझ्या गाळ्याच्या पुढच्या खोलीत उघडले होते.

पन्नास रुपयांत टॅबलेटवर पुण्याचा डॉक्टर, रक्तदाबाची तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या जागेवर, अशी ती सोय होती आणि ती चांगली होती, हे मी आजही मान्य करतो. चार महिन्यांत रक्तदाबाचे शंभरावर रुग्ण नियमित येऊ लागले. मग दसरा झाला, ऊसतोडीच्या मुकादमांच्या उचली, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच वाटून झाल्या होत्या, गाड्या लागल्या आणि निम्मे रुग्ण सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे ऊसतोडीला निघून गेले. कंपनीच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे ‘उपचार सोडला’ असा शेरा लाल अक्षरांत पडू लागला. ही माणसे पाडव्याच्या सुमारास परत येतील, तोवर जाताना त्यांना जास्त दिवसांच्या गोळ्या द्या आणि जमल्यास कारखान्याच्या तळावर एखादा माणूस नेमा, असे मी फोनवर परोपरीने सांगितले. मार्चपर्यंत पुढच्या फेरीचे भांडवल उभे करायचे असल्याने दरमहा परत येणाऱ्या रुग्णांचा आकडा आम्हाला दाखवावा लागतो, असे पलीकडच्या मुलाने अतिशय नम्रपणे ऐकवले. फेब्रुवारीत केंद्र बंद झाले. एप्रिलमध्ये एक आजी गोळ्यांचे रिकामे पाकीट कनवटीतून काढून माझ्या पायरीवर बसल्या, तेव्हा त्यांच्या सगळ्या नोंदी टॅबलेटबरोबर गेलेल्या होत्या.

माझे मेहुणे पुण्यात अशाच एका फंडात आहेत. त्यांच्या मते तुमच्या भागात मागणीच नव्हती, आणि वाद वाढला की ते मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचा दाखला देतात. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेले ते रुग्णालय न्यासाचे आहे, पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून तिथे गरिबांवर मोफत शस्त्रक्रिया होतात आणि त्यात कोणत्याही व्हेंचर फंडाचा हिस्सा नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. त्यांनी मुंबईच्या १२९८ रुग्णवाहिका सेवेचे नाव घेतले असते, तर मी गप्प बसलो असतो. रुग्ण सरकारी रुग्णालयात जाणार की खासगी, यावर तिथे भाडे कमी-जास्त होत असे, आणि तिच्यात २००१ साली स्थापन झालेल्या अ‍ॅक्युमेन या ना-नफा गुंतवणूक संस्थेने पैसे घातले होते. मात्र अ‍ॅक्युमेनचा पैसा मुळात देणग्यांतून आलेला, म्हणून त्याला दम धरता येतो. ठरलेल्या मुदतीत भाव वाढवून बाहेर पडायचे असलेल्या फंडाला तो धरता येत नाही, एवढेच माझे मेहुण्यांशी भांडण आहे.

तुमच्याविषयी बोलायचे तर भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांनुसार अशा बहुतेक फंडांत किमान १ कोटी रुपये घालावे लागतात, त्यामुळे नोकरदार माणसाने आधी आपला खिसा तपासावा. माझे सहा महिन्यांचे भाडे बुडाले आहे आणि त्याचा राग या उत्तरात उतरला असेल, हेही लक्षात घ्या. शहरातल्या निदान केंद्रांचे गणित वेगळे असू शकते. तरीही पैसे घालायचेच असतील, तर त्या कंपनीला ऑक्टोबर ते मार्च तुमचे रुग्ण कुठे असतात, हे आधी विचारा. मेहुण्यांना मी हाच प्रश्न गेल्या दिवाळीत विचारला, तेव्हा त्यांनी फराळाचे ताट पुढे सरकवले.