क्षयरोगाच्या कामात नवीन आहात? आधी एवढंच सांभाळा

ताई, पहिल्याच आठवड्यात सगळे फॉर्म पाठ करायला जाऊ नका. प्रश्न नीट विचारायला शिका. ‘टीबी आहे का?’ असं दारातून कधीच विचारू नका, शेजारी ऐकतात आणि ते दार तुम्हाला पुन्हा उघडत नाही. ‘घरात कुणाला दोन आठवड्यांपासून खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरतंय?’ एवढं पुरे.

नव्यांच्या हमखास चुका:

- तपासणीच्या डबीत बेडक्याऐवजी थुंकी येते. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल खोकून काढायला सांगा. मोकळ्या हवेत, घरात नाही.
- गोळ्यांनी लघवी केशरी होते हे आधी सांगायचं राहतं. माणूस घाबरून औषध सोडतो.
- रुग्ण सापडला की काम झालं असं वाटतं. घरातल्या प्रत्येकाची तपासणी तितकीच महत्त्वाची, लहान मुलांची आधी.

दोन महिन्यांत बरं वाटू लागतं आणि तिथेच गोळ्या सुटतात. साधा क्षयरोग असला तरी कोर्स किमान सहा महिन्यांचा. त्या काळात घरी जास्त फेऱ्या मारा, निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे रुग्णाच्या आहारासाठी सरकार देतं ते, महिन्याचे १,००० रुपये खात्यात जमा होतात का तेही विचारा.

आपल्या नाशिकचं एक लक्षात ठेवा. सुरगाणा, पेठकडची माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाडला उतरतात. जाण्याआधीच मुक्काम कुठे ते विचारून घ्या, निक्षयवर (टीबी रुग्णांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) तिकडच्या केंद्राकडे नोंद वळवून घ्या, हातात गोळ्या द्या.

औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचं पुढे बघू. अडलात तर लगेच विचारा, मी आहे.